विकलेल्या गाडीच्या मालकिणीचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा पडदे व सोफ्याची कव्हरे शिवणे, आसपासच्या चार गल्ल्यांत ‘पडदेवाल्या काकू’ म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाचे दडपण, भीड किंवा आर्जव नसताना, आपखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या तपासणीच्या खोलीतला पडदा उलटा टांगला आहे, शिवणीची बाजू पेशंटकडे आली आहे, हेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात ‘माझी मोटारगाडी मुलास द्यावी’ असे एक वाक्य होते. ती गाडी माझ्याकडे नाही. तिच्या जागी घेतलेलीही नाही. त्या दोन गाड्यांपायी माझ्या मिळकतीत काय कमी झाले आणि उरलेल्याची वाटणी मी अशी का करते, ते मुलांना तुकड्यातुकड्याने माहीत आहे. सलग कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. म्हणून हा कागद लांबला आहे. वाचणाऱ्या वकिलांनी सांभाळून घ्यावे.

कलम १. राहते घर

दुसऱ्या मजल्यावरचे हे घर माझ्या व माझ्या दिवंगत पतींच्या कष्टाचे असून त्यांच्या पश्चात ते एकट्या माझ्या नावावर आहे. माझ्या माघारी ते माझा मुलगा व माझी लेक यांना निम्मे-निम्मे मिळावे. विकायचे की ठेवायचे ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे, सुनेमार्फत किंवा जावयामार्फत निरोप पाठवून नव्हे. घरातले पडदे मात्र काढून धुऊन घ्यावेत. लोकांचे शिवता शिवता स्वतःच्या पडद्यांना मी कधी हात लावला नाही.

कलम २. पतींची हत्यारे

माझे पती लिफ्ट दुरुस्त करत. त्यांचे पान्हे, टेस्टर, ग्रीसचा डबा आणि कंदील लेकीला द्यावेत. मिक्सर बिघडला की उघडून बघणारी तीच आहे. मुलगा ते भंगारात घालेल. हे मी रागाने लिहीत नाही, तो तसा आहे म्हणून लिहिते.

आमची गाडी मोहरीच्या रंगाची होती, मागून लांब. पडद्यांच्या दांड्या तिरप्या न करता आत मावत, म्हणूनच ती घेतली होती. चालवायची मीच. यांना जन्मभर लिफ्टची सवय. समोरून दुसरे कोणी येते ही कल्पनाच त्यांना पटत नसे. शेजारी बसून ते माझ्याऐवजी ब्रेक दाबत. पायाखालची रबरी चटई त्यांनी टाचेने झिजवून टाकली होती.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक उपचार केंद्र होते, तिथे हातापायाचे व्यायाम घेत आणि एक बाई बोलायला शिकवत. मी त्यांना गाडीने नेत असे. हळूहळू ते ‘पाणी’ म्हणायला लागले. मग ‘बस’. मग एक दिवस परत येताना सिग्नलला मला माझ्या घरच्या नावाने हाक मारली. ते नाव त्यांच्याशिवाय कोणी घेत नसे, म्हणून इथे लिहीत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले, मला गिअर सापडेना.

कलम ३. येणी

विमा कंपनीकडून मला आता काहीही येणे नाही. वारसांनी त्यासाठी खेटे घालू नयेत. मी पुरेसे घातले आहेत.

केंद्राच्या दारात उभी असलेली आमची गाडी फरशा वाहणाऱ्या एका ट्रकने मागे येताना दाबली. यांच्या बाजूचे दार आत गेले, खालची पट्टी वाकली. सुदैवाने आत कोणी नव्हते. ट्रकवाला म्हणाला, “काकू, विमा आहे ना? मग कशाला टेन्शन घेता?” कंपनीने त्यांच्या यादीतल्या गॅरेजमध्ये गाडी लावायला सांगितली. त्यांचा सर्व्हेअर आला, चहूबाजूंनी फोटो काढून गेला. त्यानंतर मी गॅरेजला फोन करायची.

“मंजुरी आली की दार मागवतो, काकू.”

मग कंपनीला.

“गॅरेजनं खर्चाचा अंदाज पाठवलेला नाही, मॅडम.”

परत गॅरेजला.

“पाठवलाय की! त्यांना म्हणावं नीट बघा.”

त्यांनी नीट बघितले तेव्हा सर्व्हेअर रजेवर होता. तो परत आला तेव्हा त्या रंगाचे दार मिळेना. असे करता करता एक ऋतू उलटला.

तेवढे दिवस मी भाड्याच्या गाड्या बोलवत होते. चाकाची खुर्ची बघितली की ड्रायव्हर म्हणे, डिकीत जागा नाही. एकाने आम्हाला केंद्रापासून बरेच अलीकडे उतरवले, पुढे रस्ता खोदला आहे म्हणून. मी खुर्ची उघडेपर्यंत हे फुटपाथच्या कडेला बसून राहिले. त्यांच्या पायजम्याला चिखल लागला होता. शाळेतून येणारी मुले त्यांच्याकडे बघत होती. त्यानंतर मी गाडी बोलावली की ते पलंगाची कड डाव्या हाताने घट्ट धरून ठेवत. “चला ना, असं काय करता,” मी म्हणायची. ते मान फिरवून घेत. केंद्रातल्या बाईंनी थोडे दिवस वाट पाहिली आणि आमची वेळ दुसऱ्या कोणाला दिली. त्यांचीही चूक नाही.

गाडी परत आली तेव्हा दाराचा पिवळा रंग बाकीच्या पिवळ्याशी जुळत नव्हता. घसारा म्हणून कंपनीने बरीच कपात केली होती. जमलेले शब्द तोवर गेले होते. ‘पाणी’ राहिले नाही, ‘बस’ राहिले नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, उपचार चालू असते तरी फार फरक पडला नसता. लेकीने तेवढे वाक्य धरून ठेवले आहे. मला ते धरवत नाही आणि टाकवतही नाही.

कलम ४. माझा भाचा

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, जो कॉलेजची वर्षे माझ्या घरी राहिला, ज्याचे डबे मी भरले, त्याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. चुकून राहून गेले असे कोणी समजू नये म्हणून मुद्दाम लिहिले आहे.

ते बदललेले दार आतून उघडत नसे. गॅरेजवाले म्हणाले, दार बसले आहे व्यवस्थित, हँडलची तक्रार तुमच्या क्लेममध्ये नव्हती. एकदा पेट्रोल भरून मी पैसे द्यायला आत गेले. रांग होती. बाहेर आले तर हे आतून काचेवर डावी मूठ आपटत होते. भर दुपार होती. चेहरा लालबुंद, ओठ हलताहेत, आवाज नाही. पंपावरचा माणूस समोर उभा होता. त्याला वाटले, म्हातारा चिडला आहे. त्या दिवशी मी ठरवले की ही गाडी ठेवायची नाही.

भाचा तेव्हा गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला होता. म्हणाला, “मावशी, जुनी आमच्याकडे सोड, नवी घेऊन जा. एका दिवसात मोकळी!” तो हातात पेन घेऊन गाडीभोवती फिरला. प्रत्येक ओरखड्यापाशी थांबायचा आणि किंमत उतरायची. वेगळ्या रंगाच्या दारापाशी तर बराच वेळ थांबला.

“ही अपघात झालेली गाडी धरतात मग.”

“अरे, उभ्या गाडीला ट्रक लागला. तुला माहीत आहे ना?”

“मला माहीत आहे गं. कॉम्प्युटरला नाही.”

नंतर काचेच्या केबिनमध्ये सह्या. इथे, इथे आणि इथे. मी चष्मा लावून वाचत होते, म्हणजे मागे खोळंबलेल्या माणसाने घड्याळ बघावे इतका वेळ वाचत होते.

“यावर घेणाऱ्याचं नाव नाही रे.”

“गिऱ्हाईक मिळालं की भरतात. सगळ्यांचं असंच असतं, मावशी.”

“आणि जुनीचा विमा?”

“तुझा विमा नवीवर फिरवून घेतला ना आपण. जुनीचा जो घेईल तो काढेल.”

पुढे मी त्याला कितीदा तरी विचारले, नाव बदलले का रे? प्रत्येक वेळी उत्तर एकच, “होतंय, झालं की कागद पाठवतो.” नव्या गाडीची सीट उंच होती, यांना चढवताना माझी कंबर धरायची. तीत ते फार बसले नाहीत. त्या वर्षीच गेले. मग माझेही विचारायचे राहिले.

ते गेल्यावर काही महिन्यांनी दोन पोलीस दुकानात आले. मी एका दवाखान्याच्या पडद्याला कड्या लावत होते. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. चुरडलेले नाक, तरी मोहरीचा रंग ओळखू येत होता, आणि ते एक दार.

“ही गाडी तुमची?”

“होती.”

“आहे,” पोलीस म्हणाला. “नाव तुमचंच आहे.”

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “सही तुझी आहे, मावशी. मी तरी काय करू?” शोरूमवर तोवर नवी पाटी लागली होती, मालक दुसरे होते आणि जुन्या व्यवहाराशी आपला संबंध नाही असे म्हणत होते. भाचा नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला. तेव्हापासून त्याचा आवाज मी ऐकलेला नाही.

त्याच्या मुलीला मात्र माझे पायाचे शिलाई मशीन द्यावे. ती मला दर वाढदिवसाला फोन करते आणि बापाचा विषय काढत नाही. पोर शहाणी आहे.

कलम ५. बँकेतील शिल्लक

पासबुक बघून मुले चकित होतील. ‘एवढंच?’ असे वाटेल. एवढेच आहे. त्यातून माझ्या आजारपणाची व दवाखान्याची बिले आधी भागवावीत. उरेल ते लेकीच्या मुलाच्या शिक्षणाला द्यावे. मुलाच्या मुलांना त्याची गरज नाही.

ती गाडी शोरूमने एका माणसाला, त्याने दुसऱ्याला विकली होती. चालवणारा कोण होता हे शेवटपर्यंत नीट कळले नाही. तो त्याच जागी गाडी सोडून पळाला. जिला धडक बसली ती रंगकाम करणारी बाई. घरांना रंग द्यायची. तिशीची असेल. सकाळी कामावर चालली होती, खांद्यावर घडीची शिडी. मांडीचे हाड मोडले आणि गुडघ्याचा चुरा झाला. गाडीला विमा नव्हता. म्हणजे भरपाई द्यायची ती मालकाने, आणि कागदावर मालक मी.

कोर्ट तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट बंद. दारावर तारेने पाटी बांधलेली. हे असते तर आधी त्या तारेवरून कोणाला तरी झापले असते. ती कुबड्या घेऊन जिना चढत होती. दर वळणावर पायरीवर बसायची. माझ्या वकिलांनी मला बजावले होते की तिच्याशी बोलायचे नाही. मी तिच्या चार पायऱ्या मागे होते. ती थांबली की मी थांबायची. दुसऱ्या मजल्यावर तिची पिशवी खांद्यावरून घसरली. मी उचलली आणि वरपर्यंत नेली.

वर आमचा पुकारा होईना. बाक एकच होता. बऱ्याच वेळाने ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “काकू, तुम्ही गाडी चालवत नव्हता, मला माहीत आहे.”

मी वकिलांकडे बघितले. ते फोनवर होते.

“पण कुणाचं तरी नाव हवंच होतं ना,” ती म्हणाली. “तुमचं होतं.”

“तू आता काय करतेस?”

“काय करणार? खालून बघते. नवरा रंग देतो आणि मी खालून बघते. त्याला कोपरे जमत नाहीत.”

निकाल तिच्या बाजूने लागला. वकील म्हणाले, वर अपील करू, आपली बाजू चांगली आहे, गाडी आपण खरोखरच दिलेली होती. त्या संध्याकाळी मुलगा घरी आला.

“अपील कर, आई. आठ-दहा वर्षं सहज जातात त्यात.”

“आणि मग?”

“मग काय, तोपर्यंत...”

“तोपर्यंत मी मरेन. तेच ना?”

“तसं नाही म्हणालो मी. पण आपण काय गुन्हा केलाय? ज्यांनी विकली ते मोकळे, ज्यानं ठोकली तो मोकळा, आणि बाबांचे पैसे जाणार?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी रात्रभर त्याचा विचार केला असे लिहिले असते, पण तसे झाले नाही. मला फक्त तो जिना दिसत होता. दर तारखेला तिने तो चढायचा, मी मागून पिशवी घेऊन. मी अपील केले नाही. यांची पुंजी मोडली, नवी गाडी विकली. ती विकताना घेणाऱ्याला हाताला धरून नोंदणीच्या कचेरीत नेले, त्याचे नाव चढलेले डोळ्यांनी पाहिले आणि मगच किल्ली दिली. तो बिचारा मला वेडी समजला असणार. कोर्टाने ठरवलेली सगळी रक्कम भरली. मुलगा त्यानंतर बरेच दिवस आला नाही.

माझ्या अंत्यविधीविषयी इथेच लिहिते. गडबड करू नये, भाषणे करू नयेत. मला न्यायला गाडी भाड्याने आणाल, तिचे कागद कोणाच्या नावावर आहेत तेवढे विचारून घ्या. हसा, पण विचारा.

कलम ६. दुकानाचा गाळा

बाजाराच्या मागच्या रस्त्यावरचा माझा तळमजल्याचा गाळा, आतल्या लांब टेबलासह, रॅकसह आणि मोठ्या कात्रीसह, वर सांगितलेल्या रंगकाम करणाऱ्या बाईला द्यावा. तिचे पूर्ण नाव व पत्ता लेकीकडे बंद पाकिटात दिला आहे. हे मी तिच्या नकळत करत आहे. तिने मागितलेले नाही. तिला सांगितले तर ती नको म्हणेल, किंवा म्हणणार नाही. मला दोन्ही ऐकायचे नाही.

मुलगा विचारेल, कोर्टाने सांगितले तेवढे दिले, आता हे कशाला? कायद्याने तो बरोबर आहे. माझी देणी फिटली आहेत. तसा कागद माझ्याकडे आहे.

पैसे भरून झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात ती एकदा दुकानात आली. कुबड्या जाऊन काठी आली होती. पडदा लहान करून हवा होता. म्हणाली, “दिवसभर खिडकीशी बसून असते, ऊन येतं.” मी टीप मारून दिली. पैसे नको म्हणाले. तिने पैसे टेबलावर ठेवले आणि त्यावर माझीच कात्री ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

मग वर बघून म्हणाली, “इथला रंग कुणी दिलाय?”

“जुना आहे. का?”

“जुना असू दे. कोपरे सोडलेत. पट्टा दिसतोय ब्रशचा. तुम्हाला रोज बघवतं कसं?”

मला आजवर ते दिसले नव्हते. त्यानंतर रोज दिसू लागले. पंधरवड्याने ती डबा आणि ब्रश घेऊन आली. मी काही बोलायच्या आत माझे स्टूल ओढून बसली आणि भिंत घासायला लागली. स्टूल सरकवत सरकवत, पाय लांब करून, मधूनमधून दात आवळून. मी शिवत राहिले. मदत करू का असे एकदाच विचारले.

“तुम्ही शिवा,” ती म्हणाली. “तुमचा हात इथे नको.”

आमच्यात माया जडली वगैरे कोणी समजू नये. तिने मला माफ केले का, मला माहीत नाही. माफ करण्यासारखे मी काही केले का, तेही मला अजून ठरवता आलेले नाही. ती कधी हसून बोलत नाही. एकदा ब्रश धुता धुता म्हणाली, “मला शिडीच्या टोकावर भीती वाटायची नाही. आता फुटपाथवर वाटते.”

बसून तिचा हात जिथवर पोचला, तिथवर भिंत आता मऊ पांढरी आहे, कोपऱ्यांसकट. त्याच्या वर जुना कळकट रंग तसाच. मधे चारही बाजूंनी सरळ रेघ. गिऱ्हाइके म्हणतात, छान डिझाइन केलेय. मी हो म्हणते.

कलम ७. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या लेकीने करावी. घर दोघांनी मिळून घ्यावे. गाळ्याचे हस्तांतर मात्र एका अटीवर आहे आणि ती अट मुलासाठी आहे.

तुला उंची बापाची मिळाली आहे. गाळ्याची किल्ली तिच्या हातात देण्याआधी वरची अर्धी भिंत तू स्वतः रंगवायचीस. माणूस लावायचा नाही, पैसे टाकून सुटायचे नाही. तिला बोलावून स्टुलावर बसव आणि तू शिडीवर चढ. ती खालून चुका काढेल. फटकळ आहे, तुला राग येईल. तू म्हणशील, मी काय केले आहे? काहीच नाही, बाळा. तरी ऐकून घे, आणि राहिलेले कोपरे परत भर.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, लेकीने तो उतरवून घेतला नाही, शेजारच्या टायपिस्टने घेतला. मी तो वाचून पाहिला, दोन ठिकाणी खाडाखोड केली व तिथे आद्याक्षरे केली. सगळे बरोबर आहे. एकही जागा कोरी सोडलेली नाही.

सही: पडदेवाल्या काकू
(पूर्ण नाव व डाव्या अंगठ्याचा ठसा मूळ प्रतीवर)

आम्ही खालील दोघांनी त्यांना सही करताना समक्ष पाहिले. त्या शांत होत्या. या व्यवस्थेत आमचा कोणताही लाभ नाही.

साक्षीदार १: समोरच्या घरातील निवृत्त परिचारिका
साक्षीदार २: गाळ्याशेजारचे किल्लीवाले

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: चालू महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळी